हेन्रिएटा स्ट्रीटवरचं चौदा नंबरचं घर : लॉर्डसाहेबांपासून एकोणीस बिऱ्हाडांपर्यंत

लिफीकाठी :

परवाच्या रविवारी चौदा नंबरचं घर, जे आता संग्रहालय आहे, पुन्हा बघून आले. माझी ही चौथी खेप. डब्लिनला आमच्याकडे कुणी पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथे नेते. समुद्र, किल्ले, ट्रिनिटी कॉलेजचं ग्रंथालय सगळं नंतर. दर वेळी घरी आल्यावर कुणाला तरी सांगावंसं वाटतं, म्हणून हा धागा, सोबत जिन्याचा फोटो.

शहराच्या उत्तर भागात बोल्टन स्ट्रीटवरून आत वळलं की हेन्रिएटा स्ट्रीट लागतो. आखूड, चढाचा, दगडी चिऱ्यांचा रस्ता. दोन्ही बाजूंना विटांची उंच घरं आणि वरच्या टोकाला किंग्ज इन्स या वकिलांच्या संस्थेच्या इमारतीने वाट बंद केलेली. ल्यूक गार्डिनर नावाच्या बँकरने १७२० च्या दशकात इथे घरं बांधायला घेतली. जॉर्जियन म्हणजे १७१४ ते १८३० या काळातली. गादीवर ओळीने चार जॉर्ज होऊन गेले, म्हणून ते नाव. चौदा नंबर हे १७४० च्या दशकाच्या अखेरचं. तेरा, चौदा आणि पंधरा ही तीन घरं गार्डिनरने एका ओळीत उठवली.

बाहेरून पाहाल तर दाखवण्यासारखं काही नाही. विटांची सपाट भिंत, तिच्यात ओळीने खिडक्या, खाली तळघरापुढे लोखंडी कठडा. सगळा थाट आत. दारातून आत शिरलं की पूर्वी दोन मजले उंचीचं प्रवेशदालन होतं आणि त्यातून वर चढत जाणारा भव्य जिना. तळमजल्यावर घरच्यांचा वावर : रस्त्याच्या बाजूला बैठकीची खोली, मागे जेवणाची, आणि घरधन्याची निजायची खोली. पहिल्या मजल्यावर पाहुण्यांसाठीचे मोठे दालन, त्यामागे मेजवानीची खोली आणि बाईसाहेबांचं दालन. त्यावर घरच्यांच्या निजायच्या खोल्या, मुलांच्याही तिथेच, आणि अगदी वर, छपराखाली, नोकर. नोकरांना मोठ्या जिन्यावर पाय ठेवायची मुभा नव्हती. त्यांच्यासाठी मागे वेगळा अरुंद जिना होता.

पहिले रहिवासी होते रिचर्ड, तिसरे व्हायकाउंट मोल्सवर्थ. फौजेतले मोठे अधिकारी. त्यांच्या दुसऱ्या पत्नी मेरी जेनी अशर यांच्या दोन मुली याच घरात जन्मल्या. पुढे आयर्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे सर्वोच्च न्यायाधीश, जॉन बोज इथे राहिले, मग आणखी उमराव, एक बिशपही.

मग आयर्लंडला ब्रिटनशी जोडणारा १८०० चा युनियनचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८०१ पासून डब्लिनचं पार्लमेंटच उरलं नाही. ज्यांना अधिवेशनासाठी शहरात घर लागायचं त्यांना ते लागेनासं झालं. पैसा आणि माणसं लंडनकडे गेली. या रस्त्यावर आधी वकील आले. १८५० च्या सुमारास चौदा नंबरात सरकारी कोर्ट बसलं, १८६१ पासून १८७६ पर्यंत डब्लिन मिलिशियाची, म्हणजे राखीव फौजेची, छावणी होती, आणि १८७७ मध्ये टॉमस व्हान्स नावाच्या मालकाने घर विकत घेऊन त्याची एकोणीस बिऱ्हाडं केली. एक खोली, तीन खोल्या, चार खोल्या अशी.

तो मोठा जिना व्हान्सने काढून टाकला. जिन्याच्या पोकळीत तक्तपोशी टाकली की तेवढ्याच जागेत भाड्याच्या जास्तीच्या खोल्या निघतात. तेव्हापासून घरातले सगळे, झाडून सगळे, नोकरांच्या मागच्या जिन्याने वर जाऊ लागले. १९११ च्या जनगणनेत या एका घरात शंभर माणसं होती. शेवटची कुटुंबं १९७० च्या दशकाच्या अखेरीस गेली. मग घर रिकामं पडलं, गळू लागलं. महापालिकेने ते ताब्यात घेतलं, दहा-एक वर्षं दुरुस्ती चालली आणि २०१८ मध्ये ते संग्रहालय म्हणून उघडलं.

दुरुस्ती करताना त्यांनी तो मोठा जिना पुन्हा बांधला नाही. पाहुणे आजही मागच्याच जिन्याने चढतात. मला हे फार योग्य वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

पागोळी :

सुंदर लिहिलंय ताई. पण शेवटच्या मुद्द्यावर मी सहमत नाही. त्या घराचा आत्मा तो जिनाच असणार. कारागिरांनी जीव ओतून केलेली वस्तू एका भाडेखाऊ माणसाने मोडली, आणि आपण ते मोडणं जपून ठेवायचं? पुरावे असतील तर तसाच जिना करून बसवायला हवा होता. नाहीतर बघायला जाणाऱ्याला १७४८ चं घर कळणार कसं?

चुनासुरखी :

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, पुण्यात. हे घर पाहिलेलं नाही, पण त्याचे नकाशे आणि दुरुस्तीचे फोटो बारकाईने पाहिले आहेत. तेव्हा जिन्याच्या वादाआधी बांधणीबद्दल थोडं.

ही ओळीतली घरं म्हणजे दोन शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतींमध्ये बसवलेला लाकडाचा सांगाडा. उजेड फक्त पुढून आणि मागून. म्हणून खिडक्या उंच, आणि कुठल्या मजल्याला किती मान ते बाहेरूनच खिडकीच्या उंचीवर ओळखता येतं. पाहुण्यांच्या मजल्याला सर्वांत उंच खिडकी, वर जावं तशी ती बुटकी होत जाते, नोकरांच्या मजल्यावर जवळजवळ चौरस. खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या. चौकटीच्या दोन्ही अंगांना पोकळी असते आणि तिच्यात दोरीला वजन लोंबत असतं, म्हणून एवढी जड काचेची झडप एका हाताने उचलते. दोरी कुजून तुटली की झडप धाडकन खाली. भाडेकऱ्यांच्या काळात या दोऱ्या कोण बदलणार? मग खिळे ठोकून खिडकी कायमची बंद.

विटांबद्दल एक खास डब्लिनची गोष्ट. तिथल्या वीटकामाच्या दरजा भरायची एक पद्धत आहे, तिला 'विगिंग' म्हणतात. विटा ओबडधोबड असल्या तरी भिंत रेखीव दिसावी म्हणून आधी दरजेत पांढऱ्या चुन्याची बारीक सरळ रेघ ओढायची आणि मग तिच्या दोन्ही बाजूंना विटेच्याच रंगाचा चुना भरत यायचं. इंग्लंडमध्ये हेच उलट्या क्रमाने करतात : आधी रंगीत चुना, वरून पांढरी रेघ. लांबून वाटतं की विटा सुरीने कापून बसवल्या आहेत. अशा भिंतीत नंतर कुणी सिमेंट भरलं की घात होतो. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडतं, आणि पावसाळी हवेत वीट आतून फुटते.

आता इतक्या बिऱ्हाडांचा भार. हे मजले एका कुटुंबासाठी आणि त्याच्या नोकरांसाठी होते. शंभर माणसं, त्यांच्या चुली, त्यांचा कोळसा, पाण्याच्या बादल्या, आणि वरून आडव्या फळ्यांच्या भिंती. तुळया वाकतात, पण एका दिवसात तुटत नाहीत. त्यांचं मरण पाण्याने येतं. छपराची पन्हळ तुंबली, पाणी भिंतीत उतरलं, आणि जिथे तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे ते कुजलं.

पागोळी, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर : नवा जिना केला असता तर त्या जागेतल्या भाडेकऱ्यांच्या खोल्या पाडाव्या लागल्या असत्या. एक नक्कल उभी करण्यासाठी एक खरी वस्तू मोडायची. मी ते केलं नसतं.

पागोळी :

'खरी वस्तू' म्हणजे फळ्या ठोकून केलेल्या खोल्याच ना? त्यांची आणि १७४८ च्या जिन्याची किंमत एकच मानायची, हे मनाला पटत नाही.

वकीलीण :

कोर्टाबद्दल मी सांगते, कारण ताईंनी ते एका ओळीत उरकलं आणि मला तर या घरातलं तेच सर्वांत विलक्षण वाटतं.

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला. मोठा दुष्काळ. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. कुळंच उरली नाहीत तर खंड कुठून येणार? गरिबांच्या मदतीसाठी लावलेला कर मात्र जमीनदारांवर वाढत गेला. त्यांच्या जमिनी आधीच पिढ्यान्‌पिढ्या गहाण होत्या. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर एवढे बोजे की जमीन विकताही येईना; घेणाऱ्याला कुठला सावकार कधी उभा राहील याची खात्री नाही.

म्हणून १८४९ मध्ये कायदा करून खास कोर्ट नेमलं : 'एन्कम्बर्ड इस्टेट्स कोर्ट', म्हणजे बोजाखालच्या जमिनींचं कोर्ट. धनकोने किंवा खुद्द मालकाने अर्ज करायचा, कोर्टाने जमीन विकायची, आलेल्या पैशातून कर्जं फेडायची आणि खरेदीदाराला पार्लमेंटने हमी दिलेली निर्वेध मालकी द्यायची. जुने सगळे बोजे जमिनीवरून उतरून विक्रीच्या पैशावर जायचे. हजारो जमीनदाऱ्या अशा विकल्या गेल्या. १८५८ मध्ये याच कामासाठी दुसरं, कायमचं कोर्ट आलं.

ज्या घराच्या दिवाणखान्यात शंभर वर्षांपूर्वी लॉर्ड लोक एकमेकांकडे जेवायला यायचे, त्याच घरात त्यांच्या नातवा-पणतवांच्या जमिनींचे निकाल लागत होते. आणि त्या जमिनींवरून हाकललेली माणसं शहरात येऊन पडली, ती पुढे अशाच घरांमध्ये भाड्याने राहिली. मला त्या घरात कोर्टाची काही खूण उरली आहे का ते बघायला आवडेल.

लिफीकाठी :

वकीलीण, किती नेमकं सांगितलंत. 'बोजा' हा शब्द मला सुचलाच नव्हता.

एक सुधारणा माझ्याच लेखात. 'भाडेखाऊ' वगैरे वाचून वाटेल की व्हान्सने पहिल्या दिवसापासून लोकांना कोंबलं. तसं नव्हतं. १८७७ मध्ये त्याने वर्तमानपत्रात दिलेली जाहिरात उपलब्ध आहे. प्रतिष्ठित कुटुंबांसाठी म्हणून ती बिऱ्हाडं होती. नवा रंग, नवा कागद, गॅसचे दिवे, जिन्याच्या टप्प्यांवर संडास, प्रत्येक बिऱ्हाडाला भट्टी असलेली शेगडी, कपडे वाळवायला अंगण आणि वार्ट्री नदीचं पाणी. हे पाणी विक्लो परगण्यातून नळाने १८६० च्या दशकात शहरात आलं होतं, तेव्हा ती सांगण्यासारखी गोष्ट होती. घर बिघडलं ते हळूहळू. एका बिऱ्हाडाची दोन झाली, दोनाची तीन, भाडं देणाऱ्याची कमाई रोजची आणि दुरुस्ती कुणाचीच नाही.



परळकर :

संडास आणि पाण्याचं वाचून मी थांबलो. माझं बालपण परळला चाळीत गेलं. एक खोली, आत मोरी, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास. पण आमची चाळ मुळात कामगारांसाठीच बांधलेली होती. लॉर्डच्या दिवाणखान्यात बिऱ्हाड थाटणं म्हणजे नेमकं कसं, ते सांगाल का? छप्पर उंच असेल तर ऊब कशी राहायची?

लिफीकाठी :

राहायचीच नाही परळकर. तिथे उभं राहिलं की हे पहिल्यांदा अंगाला कळतं. डोक्यावर लाकडी आणि गिलाव्याची नक्षी, खिडकी दोन माणसं उभी राहतील एवढी उंच, आणि एका कोपऱ्यातल्या शेकोटीत पाटीभर कोळसा. उष्णता सगळी वर. थंडीत लोक अंगावरचे कोट अंथरुणावर घालायचे. एका पलंगावर चार-पाच मुलं, काही डोक्याकडून, काही पायाकडून.

शहरातल्या अशा बहुतेक घरांत पाणी अंगणातल्या नळावरून बादलीने वर न्यायचं आणि घाण पाणी बादलीनेच खाली आणायचं. वरच्या मजल्यावरच्या बाईने दिवसातून किती वेळा तो जिना चढला असेल, हे मी दर वेळी चढताना मनात मोजते.

१९१३ च्या सप्टेंबरात चर्च स्ट्रीटवरची अशी दोन घरं कोसळून सात माणसं मेली. मग सरकारी चौकशी बसली. १९१४ च्या अहवालात आकडा आला : सुमारे २६,००० कुटुंबं बिऱ्हाडांच्या घरांत, त्यातली २०,००० हून अधिक एकेका खोलीत. क्षयाने माणसं जात होती. तरी पुढची पन्नास वर्षं लोक तिथेच राहत होते. हळूहळू मरिनो, काब्रा, क्रम्लिन या बाजूंना महापालिकेने घरं बांधली. माझ्या ऑफिसमधल्या एका सहकारिणीची आजी अशीच क्रम्लिनला गेली. स्वतःचं दार, स्वतःची बाग मिळाली, पण पहिली काही वर्षं दर शनिवारी बस पकडून ती जुन्या रस्त्यावर यायची. क्रम्लिनला ओळखीचं कुणी नाही म्हणून.

शेवंती :

भिंतींच्या रंगांबद्दल लिहा ना. तुम्ही टाकलेल्या फोटोत जिन्याची भिंत खालून लाल आणि वरून निळी दिसते आहे. मुद्दाम तसा रंग दिलाय का?

लिफीकाठी :

शेवंती, तुम्ही माझ्या सर्वांत आवडत्या जागी हात घातलात.

तो बिऱ्हाडांच्या काळातला रंग आहे. डब्लिनच्या अशा अनेक घरांच्या जिन्यांना हेच दोन रंग असायचे. खालच्या लाल पट्ट्याला 'रॅडल' म्हणतात. तो म्हणजे आपला गेरू, किंवा कोकणात भिंतीला देतात ती काव. लोखंडाची लाल माती. आणि वरच्या निळ्याला 'रेकिट्स ब्लू' म्हणतात. रेकिट ही इंग्लंडच्या हल शहरातली कंपनी. पांढरे कपडे पिवळे पडू नयेत म्हणून शेवटच्या पाण्यात टाकायची निळीची वडी ती करायची. हीच निळीची वडी चुन्यात कालवून भिंतीला द्यायची.

आणि ही तीच कंपनी, जिची रॉबिन नीळ आपल्याकडे घरोघर होती. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या जिन्यात बराच वेळ नुसती उभी होते. माझ्या आजीच्या मोरीच्या फळीवरचा डबा आणि ही भिंत.

गिलाव्यावरचे भिंतकागदही असेच जपलेत. एकावर एक चिकटवलेले थर निघाले. जमिनीवर लिनोलियमचे तुकडे, त्यांच्यावरही फुलांची नक्षी. ज्या खोलीत उजेड कमी आणि ओल जास्त, तिथेही कुणीतरी पैसे साठवून नवा फुलाफुलांचा कागद आणलेला. पागोळी, तुम्ही 'फळ्या ठोकून केलेल्या खोल्या' म्हणालात, त्यावर माझं हेच म्हणणं आहे. त्या फळ्यांना कागद लावणारी बाईसुद्धा त्या घराची कारागीर आहे.

खिडकीतला :

मी दहा वर्षं डब्लिनला होतो. एक बाजू राहून जातेय. आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर बराच काळ ही जॉर्जियन घरं म्हणजे परक्या राजवटीची खूण मानली जायची. ती पडली तरी हळहळणारे थोडे. १९६३ च्या जूनमध्ये बोल्टन स्ट्रीटवर, म्हणजे या रस्त्याच्या तोंडाशीच, एक घर कोसळून दोन वृद्ध माणसं गेली. दहाच दिवसांनी फेनियन स्ट्रीटवर दोन लहान मुली गेल्या. त्यानंतर धोकादायक म्हणून कितीतरी घरं भराभर पाडली आणि माणसं शहराबाहेर हलवली. बॅलीमन या उपनगरातले सरकारी घरांचे उंच मनोरे त्या घाईतून आले. ते मनोरेही आता पाडून झालेत. त्याच दशकात फिट्झविल्यम स्ट्रीटवरची सोळा घरं वीज मंडळाच्या कार्यालयासाठी गेली. ती मात्र पडकी नव्हती, शहरातल्या सर्वांत लांब अखंड जॉर्जियन ओळीचा भाग होती.

हेन्रिएटा स्ट्रीट वाचला याचं एक कारण गरिबीच असावी, असं मला वाटतं. कुणाला तिथे नवं काही बांधण्यात फायदा दिसला नाही. शेजारच्या पंधरा नंबरात आता आयरिश पाइप (बॅगपाइपचा एक प्रकार) वाजवणाऱ्यांची संस्था आहे. संध्याकाळी शिकवणी चालू असली की सूर रस्त्यावर येतात. आठ ते दहा नंबरांत दीर्घकाळ नन्सचा मठ होता. म्हणजे एकाच रस्त्यावर उमराव, वकील, शिपाई, बिऱ्हाडकरू, जोगिणी आणि वादक.

चुनासुरखी :

खिडकीतला, गरिबीबद्दल बरोबर. आमच्या कामातही हेच दिसतं. पैसेवाल्या मालकाने वाड्याचं जेवढं नुकसान केलेलं असतं तेवढं भाडेकऱ्याने क्वचितच केलेलं असतं. भाडेकरू खिळा ठोकतो, रंगावर रंग देतो. खाली मूळचं तसंच राहतं. मालक एका उन्हाळ्यात सगळं उपसून टाकतो.

लिफीकाठी ताई, एक विचारायचं होतं. गिलावा पूर्ण दुरुस्त केलाय की पडका ठेवलाय?

लिफीकाठी :

खोलीगणिक वेगळं आहे. काही दालनं १८ व्या शतकातल्या रूपाच्या जवळ नेली आहेत, काही ठिकाणी भिंतीवर उखडलेले थर तसेच थोपवून धरलेत, आणि एक बिऱ्हाड विसाव्या शतकाच्या मध्यात जसं असेल तसं भांडी, पडदे, देवाच्या तसबिरीसकट मांडलंय. या घरात राहिलेल्या माणसांनी आणि त्यांच्या मुलांनी आठवणी सांगितल्या, वस्तू दिल्या, म्हणून ते जमलं. तिथे एकट्याने हिंडता येत नाही. सोबत माहिती सांगणारा असतो आणि वेळ आधी ठरवून जावं लागतं.

पागोळी :

अजूनही मला तो जिना बघायचाच आहे, निदान कागदावर काढलेला. पण भिंतकागद लावणाऱ्या बाईवर माझ्याकडे उत्तर नाही. चुनासुरखींचा नकलेचा मुद्दाही बिनतोड आहे. त्या पोकळीतली एखादी खोली बघायला मिळते का?

लिफीकाठी :

मिळते. आणि एकदा सांगितलं की कळतं की आपण मूळ जिन्याच्या हवेत उभे आहोत. पायाखाली व्हान्सची तक्तपोशी.

परळकर :

काल आईला तो जिन्याचा फोटो दाखवला. तिला डब्लिन, लॉर्ड वगैरे काही सांगितलं नव्हतं. तिने चष्मा लावला, फोन जवळ धरला आणि म्हणाली, "चुन्यात नीळ जास्त पडली की अशीच भिंत होते रे. दिवाळीला आपल्या खोलीची झाली होती. तुझे बाबा म्हणाले, राहू दे आता पुढच्या वर्षापर्यंत."